वहिनी नगरसेवकपदाला उभ्या राहतायत. प्रचाराचे व्हिडिओ घरीच करायचे आहेत, मार्गदर्शन हवंय

घाटमाथा | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी.

४ तारखेला आचारसंहिता लागली, २ डिसेंबरला मतदान. आमची 'क' वर्ग, म्हणजे कमी लोकसंख्येची नगरपरिषद. आमच्या प्रभागातली 'ब' जागा सर्वसाधारण महिलांसाठी सुटली आणि माझ्या थोरल्या वहिनी तिथून अपक्ष अर्ज भरतायत. सोमवारपासून अर्ज घेणार आहेत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं आहे एवढं पुरे.

जुन्या पेठेत वहिनींना ओळखत नाही असं घर नाही. बचत गट त्यांनी उभा केला आणि भांडणतंटे होऊनही टिकवला. पाणी किती वाजता सुटणार याचा फलक चौकात लागावा म्हणून नगरपरिषदेत खेटे घालून तो लावून घेतला. अडचण अशी की नव्या रचनेत प्रभागाला माळावरची वसाहत जोडली गेलीय आणि तिकडे त्यांना कोणी ओळखत नाही. दारोदार तर जाणारच आहोत. पण नोकरीवाली माणसं दिवसा घरी सापडत नाहीत, त्यांच्यापर्यंत मोबाइलवरूनच पोचावं लागेल.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका स्टुडिओने पॅकेज सांगितलं: ड्रोन, स्लो मोशनमधली एन्ट्री, एक गाणं, पाच रील्स आणि तीन मिनिटांचा माहितीपट. नमुना म्हणून दुसऱ्या एका उमेदवाराचा व्हिडिओ दाखवला. पांढरी गाडी थांबते, दार उघडतं, आधी बूट दिसतात, मग गॉगल, मग मागून चालत येणारी पोरं. गाव कुठलं, प्रभाग कुठला, या माणसाने आजवर काय केलं, शेवटपर्यंत काही कळलं नाही. वहिनी म्हणाल्या, "ह्यात माणूस कुठं हाय?" आणि तो विषय तिथंच संपला.

मी लग्नाचं शूटिंग करतो. कॅमेरा, कॉलर माइक, एडिटिंगचा लॅपटॉप घरात आहे. प्रचाराचं काम मात्र पहिल्यांदाच करतोय. व्हिडिओ किती लांबीचे करावेत, त्यात काय घ्यावं, कुठली परवानगी लागते, खर्चात कसं धरतात, ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर सांगा. वेळ फार कमी आहे.

---

कट_टू_कट | ८ नोव्हेंबर, रात्री ११.४५

पुण्यात संकलनाचं काम करतो. महापालिका आणि ग्रामपंचायत दोन्हीकडच्या उमेदवारांची कामं केली आहेत.

तीन मिनिटांचा माहितीपट विसरा. नगरपरिषदेचा प्रभाग म्हणजे दोन-चार हजार मतदार. ते व्हिडिओ बघतात व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आणि स्टेटसला, तेही आवाज बंद करून, एसटीत किंवा दुकानात बसून. म्हणून सगळं उभ्या चौकटीत शूट करा. आडवं शूट करून नंतर कापलंत तर डोकी आणि हात उडतात.

आवाज सगळ्यात आधी. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, आवाज घुमला की पुढे ढकलतात. कॉलर माइक पदराच्या आत लपवू नका, कापड घासल्याची खरखर नंतर निघत नाही. बांगड्यांचा आवाजही माइक उचलतो, तेव्हा हात मांडीवर ठेवून बोलायला सांगा. भर चौकात शूट करायचं असेल तर सकाळी सातच्या आत, भोंग्याच्या रिक्षा फिरायला लागल्या की संपलं.

एका व्हिडिओत एकच गोष्ट ठेवा, मग ते पाणी असो, गटार असो की रस्त्यावरचे दिवे. चाळीस-पन्नास सेकंदांत ती संपली पाहिजे. पहिल्या तीन सेकंदांत जागा ओळखू आली पाहिजे. लोकांना आपल्या गल्लीचा कोपरा दिसला की अंगठा थांबतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय: उमेदवाराच्या चेहऱ्याने सुरू होणाऱ्या व्हिडिओपेक्षा ओळखीच्या पिंपळपाराने सुरू होणारा व्हिडिओ जास्त पुढे पाठवला जातो.

आणि स्क्रिप्ट पाठ करून घेऊ नका. तुम्ही कॅमेऱ्याच्या शेजारी बसा, प्रश्न विचारा, त्यांना तुमच्याकडे बघून उत्तर देऊ द्या. एडिटमध्ये प्रश्न काढून टाका. पाठ केलेली वाक्यं बोलताना माणसाचे डोळे वर जातात आणि ते लपत नाही.

---

आबा_पेठकर | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

पोरांनो, कॅमेऱ्यातलं मला कळत नाही. चाळीस वर्षं बूथवर बसलोय, तिथलं सांगतो.

नगरपरिषदेला मतदाराला साधारण तीन मतं द्यायची असतात. प्रभागातून 'अ' जागेचा एक, 'ब' जागेचा एक, आणि थेट नगराध्यक्षपदाचं तिसरं. प्रभागात तीन सदस्य असतील तर चार. म्हातारी माणसं आत जातात, एक बटण दाबतात आणि निघायला बघतात. मग आतले अधिकारी हाक मारून परत बोलावतात. अशा गोंधळात माणूस दिसेल ते बटण दाबतो. तुमच्या वहिनींचं काम कितीही चांगलं असू दे, मतदाराला 'ब' हे अक्षर आणि चिन्ह आठवलं नाही तर ते काम यंत्रापर्यंत पोचत नाही.

चिन्हाच्या गोंधळाने काय होतं ते २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात सगळ्यांनी पाहिलं. तुतारी वाजवणारा माणूस एका पक्षाचं चिन्ह आणि पिपाणी एका अपक्षाचं. पिपाणीला पडलेली मतं पराभवाच्या फरकापेक्षा जास्त निघाली. 

म्हणून एक व्हिडिओ फक्त मत कसं द्यायचं याचा करा. त्यात भाषण नको. जागा, नाव, चिन्ह. नावही मतपत्रिकेवर जसं येणार तसंच, आडनाव आधी असेल तर आडनाव आधी. पेठेत तुमच्या वहिनींना सगळे टोपणनावाने हाक मारत असतील, पण यंत्रावर टोपणनाव नसेल.

---

घाटमाथा | ९ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

आबा, हे डोक्यातच नव्हतं. पण अपक्षाला चिन्ह मिळणार २६ तारखेला. म्हणजे हातात पाच-सहा दिवस. तोपर्यंत काय दाखवायचं?

---

हिशेबनीस | ९ नोव्हेंबर, दुपारी १.१५

उमेदवारांचे खर्चाचे हिशेब लिहून देण्याचं काम करते, त्या बाजूने सांगते. थोडं लांबेल, पण नीट वाचा.

आधी मर्यादा. 'क' वर्ग नगरपरिषदेत सदस्यपदाच्या उमेदवाराला २ लाख ५० हजार रुपये आणि थेट नगराध्यक्षाला ७ लाख ५० हजार. 'ब' वर्गाला सदस्याची मर्यादा साडेतीन लाख, 'अ' वर्गाला पाच लाख. स्टुडिओच्या पॅकेजचा आकडा या अडीच लाखांत बसवून बघा, म्हणजे मंडप, पत्रकं, रिक्षा यांना काय उरतं ते कळेल.

तुम्ही घरचे आहात म्हणून व्हिडिओ फुकट झाला, असं हिशेबात चालत नाही. प्रचाराच्या वस्तू आणि सेवांची दरसूची जिल्हा प्रशासन ठरवतं. कोणी विनामूल्य काम केलं तरी ते बाजारभावाने दाखवलेलं बरं. हलगीवाला, भाड्याचा गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा), फेसबुकवर पैसे देऊन पुढे ढकललेली पोस्ट, सगळ्याची पावती ठेवा. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं आणि पैसे त्यातूनच. खर्च रोजच्या रोज लिहायचा. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, आणि हे हरलेल्या उमेदवारालाही लागू आहे.

दुसरं, प्रमाणन. राज्य निवडणूक आयोगाने ९ ऑक्टोबरला माध्यम संनियंत्रण आणि जाहिरात प्रमाणनाचा आदेश काढलाय. टीव्ही, केबल, रेडिओ, चौकातला एलईडी पडदा आणि समाजमाध्यमं, या सगळ्यांवरची जाहिरात समितीकडून आधी प्रमाणित करून घ्यावी लागते. अर्जासोबत व्हिडिओ, त्यात बोललेल्या शब्दांची लिखित प्रत आणि बनवायला आलेला खर्च द्यायचा. तपासायला समितीला वेळ लागतो, त्यामुळे आज अर्ज आणि उद्या जाहिरात असं गृहीत धरू नका. देवळाचं किंवा कुठलंही प्रार्थनास्थळ, लष्कराचे जवान, जाती-धर्मावरून बोलणं, कोणाच्या खासगी आयुष्यावर शिंतोडे, यातलं काहीही असलं की अर्ज अडकतो. पिंपळपार दाखवताना मागे मारुतीचं देऊळ येतंय का ते बघा.

स्वतःच्या खात्यावर टाकलेली साधी पोस्ट आणि पैसे देऊन चालवलेली जाहिरात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण आपला व्हिडिओ कशात मोडतो हे मनाने ठरवू नका. समितीला एक कागद देऊन विचारा आणि पोच घ्या.

चिन्हाचा पेच सोडवायचा तर व्हिडिओ दोन प्रकारचे करा. वहिनींच्या कामाचे, ज्यांत चिन्ह नाही, ते अर्ज भरल्या भरल्या समितीकडे द्या. चिन्हाचा छोटा व्हिडिओ वेगळा करा, त्याचा अर्ज आधीच लिहून तयार ठेवा. सगळं एकात कोंबलंत तर सगळंच २६ तारखेपर्यंत अडकून पडेल.

---

रानफूल | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४०

ट्रेंडिंग गाण्याच्या चालीवर वहिनींचं नाव घालून गाणं करा. आमच्याकडे सगळे तेच करतात. आता तर एआयवर दहा मिनिटांत गाणं मिळतं, मोठ्या नेत्याच्या आवाजात दोन वाक्यंही बोलून घेता येतात.

---

कट_टू_कट | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

रानफूल, मी दोन्हीला विरोध करीन आणि कारणं देतो.

सिनेमातल्या गाण्याची चाल हक्कदाराची असते. समाजमाध्यमं आवाज ओळखून व्हिडिओ बंद करतात किंवा आवाज काढून टाकतात, आणि ते नेमकं मतदानाच्या तोंडावर झालं तर दाद मागेपर्यंत निवडणूक संपलेली असते. घाटमाथा यांच्या गावात हलगी वाजवणारे असतील, भजनी मंडळातला पखवाजी असेल. अर्ध्या तासात त्यांचं वाजवणं रेकॉर्ड होतं. मानधन द्या, लेखी संमती घ्या, आणि ते सूर गावाच्या कानाला आधीच ओळखीचे असतात.

नेत्याचा नकली आवाज काढणं म्हणजे मतदाराशी खोटं बोलणं आहे. ज्या माणसाने आपल्या उमेदवाराचं नावसुद्धा ऐकलेलं नाही, त्याच्या तोंडी आपण पाठिंबा घालतो. भारत निवडणूक आयोगाने २४ ऑक्टोबरलाच पक्षांना कळवलंय की कृत्रिमरीत्या केलेल्या दृश्यावर ठळक शिक्का हवा, पडद्याचा किमान दहा टक्के भाग व्यापणारा, आणि फसवा मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढायचा. ते पत्र विधानसभा-लोकसभेच्या आयोगाचं आहे, आपल्या नगरपरिषदा राज्य आयोगाकडे येतात. पण मोजमाप म्हणून ते धरायला हरकत नाही. अशी एक क्लिप सापडली की वहिनींच्या खऱ्या व्हिडिओवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

---

रानफूल | ९ नोव्हेंबर, रात्री ८.१०

आवाजाचं पटलं. गाणं मात्र मला गरजेचं वाटतं. आमच्या प्रभागात गेल्या खेपेला पोरंबाळंसुद्धा चिन्हाचं गाणं म्हणत फिरत होती, तेवढं कुठल्याच पत्रकाने झालं नसतं. चाल नवीन बांधून घ्या एवढंच.

---

घाटमाथा | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. हलगीवाले काका तयार आहेत आणि चाल बांधायला शाळेतले निवृत्त संगीत शिक्षक.

आता एक अवघड गोष्ट विचारतो. घरात आणि कार्यकर्त्यांत मत असं पडलंय की व्हिडिओत दादा पुढे असावेत. "वहिनींना बोलायची सवय नाही, दादांना लोक ओळखतात, बॅनरवरही दोघांचे फोटो आहेत, तर दादा बोलतील आणि वहिनी शेजारी हात जोडून उभ्या राहतील." दादा स्वतः तसं म्हणत नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत. वहिनी गप्प आहेत. मी धाकटा दीर, किती बोलू?

---

माळावरची_बाई | ११ नोव्हेंबर, रात्री ११.०५

बोला. दीर म्हणून नाही तर कॅमेरा तुमच्या हातात आहे म्हणून बोला.

मी एका नगरपरिषदेत एक मुदत नगरसेविका होते. माझ्या पहिल्या प्रचारात मी सगळीकडे हात जोडून उभी होते आणि आमचे हे बोलत होते. निवडून आले. पुढचे कित्येक महिने लोक कामं घेऊन यांच्याकडे येत, मी चहा करत असे. सभागृहात उठून बोलले तेव्हा शेजारचे सदस्य म्हणाले, "ताई, साहेबांना विचारलंत का?" प्रचारात जे चित्र लोकांच्या डोळ्यांत बसतं ना, तेच पाच वर्षं टिकतं. मला ते मोडायला दुप्पट मेहनत करावी लागली.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के जागा २०११ पासून आहेत. जागा कायद्याने मिळाली, आवाज मात्र प्रत्येकीला आपला आपण उचलावा लागतो. आणि आज तो उचलायचं साधन तुमच्या घरात, तुमच्याच हातात आहे.

त्यांना बोलायची सवय नाही, हे मला खोटं वाटतं. ज्या बाईने बचत गटात हिशेबावरून झालेली भांडणं मिटवली, पाण्याच्या फलकासाठी नगरपरिषदेत जाऊन बसली, तिला बोलता येतं. तिला कॅमेऱ्यासमोर भाषण करता येत नसेल. मग भाषण मागूच नका. ज्या कामात त्यांचे हात बसलेत तिथे जाऊन शूट करा. गटाच्या बैठकीत, नळावर, व्हॉल्व्हपाशी. काम करता करता बाई आपोआप बोलते.

घरातली माणसं आजूबाजूला जमवू नका. सासूबाई, दादा, कार्यकर्ते कोणी नको. तुम्ही आणि एखादी मैत्रीण. ऐकणारी ओळखीची बाई समोर असली की बोलणं मोकळं होतं.

आणि भाषा बदलू नका. "हाय", "न्हाई", "पाणी येतंया" असं बोलत असतील तर तसंच राहू द्या. खाली लिहिताना प्रमाण लिहा, बोलणं त्यांचं.

---

रेघ | १२ नोव्हेंबर, सकाळी १०.२५

बाईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत, भाषेचा मुद्दा सोडून. नव्या वसाहतीत बाहेरून आलेली नोकरदार कुटुंबं आहेत. त्यांना बोली ऐकून "ही आपली नाही" असं वाटू शकतं. थोडी मधली भाषा घ्यावी.

---

माळावरची_बाई | १२ नोव्हेंबर, सकाळी ११.००

रेघ, त्या नोकरदार कुटुंबांच्या नळालाही पाणी तेवढंच कमी येतं. बाई पाण्याचं नेमकं बोलली की कोणी भाषा मोजत बसत नाही. उलट मधली भाषा बोलायला गेलं की बोलणाऱ्याचं लक्ष शब्दांवर जातं आणि मुद्दा निसटतो. मी सभागृहात हे भोगलंय.

---

घाटमाथा | १६ नोव्हेंबर, रात्री १०.४०

बाई, तुमचा प्रतिसाद मी वहिनींना वाचून दाखवला. त्यांनी दादांना स्वतः सांगितलं, "व्हिडिओत मीच बोलणार." दादा म्हणाले, "बोल की." एवढ्यावर सगळं मिटलं. अर्ज भरून झालाय.

काल पहाटे पाण्याचा व्हिडिओ शूट केला. आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं. वहिनी पाचला उठून माळावरच्या वसाहतीत गेल्या, मैत्रीण सोबत होती, मी कॅमेरा घेऊन मागे. अजून अंधार होता. प्रत्येक दारात बॅरल, कळशा, रंगाच्या रिकाम्या बादल्या लावलेल्या. वहिनींनी ब्लाउजमधून एक छोटी वही काढली. गेल्या वर्षापासून त्या पेठेतल्या कुठल्या गल्लीला पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, ते लिहीत आल्यात. मलाही हे माहीत नव्हतं. तिथल्या एका मावशींना त्यांनी वही दाखवली आणि म्हणाल्या, "तुमच्यात कुणी लिवतं का? लिवलं तर सायबाला दाखवता येतंय. नुसतं बोललं तर म्हणतात, गेल्या वर्षी पण हेच बोलला व्हता."

मावशी म्हणाल्या, "पाइपलाइनच्या शेवटच्या चार घरांना तर धारच येत नाही." मग वहिनी त्या चार घरांपर्यंत चालत गेल्या. शेवटच्या घराच्या नळाखाली बादली ठेवली. पाणी सुटलं तेव्हा खालच्या घरांत नळ जोरात चालू झाले आणि इथं नळातून आधी हवा, मग करंगळीएवढी धार. वहिनी तिथंच उकिडव्या बसल्या, बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघून वहीत लिहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मी कॅमेरा हलवला नाही.

कट_टू_कट, तुम्ही आवाजाचं सांगितलं ते किती कामाला आलं. नळातल्या हवेचा आवाज, बादलीच्या बुडावर पडणारी धार, वहीचं पान उलटल्याचा आवाज, सगळं स्वच्छ आलंय. पंचावन्न सेकंदांत बसवलंय. ज्या बायका दिसतात त्यांची आधी विचारून परवानगी घेतली, एकीने नको म्हटलं, तिचा भाग काढला. लहान मुलं चौकटीत येऊ दिली नाहीत.

दोन प्रश्न: एक, व्हॉट्सअॅपवर टाकलं की अक्षरं फुटतात. दोन, सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं मोडतायत, 'प्रभाग'चा 'प्‌रभाग' होतोय.

---

कट_टू_कट | १६ नोव्हेंबर, रात्री ११.३०

वहीचं वाचून बरं वाटलं. तो शॉट कापू नका, कोणी लांब वाटतोय म्हटलं तरी.

जोडाक्षरं: एडिटिंगला प्रीमियर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रेफरन्समध्ये ग्राफिक्सच्या भागात मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं निवडा आणि प्रोग्राम बंद करून उघडा. टंक (फॉन्ट) युनिकोडच घ्या. मुक्ता आणि बालू हे दोन्ही टंक मुंबईच्या 'एक टाइप' या टंक बनवणाऱ्या संस्थेचे आहेत, फुकट मिळतात. बालू ठळक आहे, चिन्ह-नावाच्या पट्टीला छान बसतो. मुक्ता खालच्या ओळींना. जुन्या बिगर-युनिकोड टंकातला मजकूर चिकटवला की असाच तुकडे होऊन येतो, डीटीपीवाल्याकडून घेतलेला मजकूर पुन्हा टाइप करा.

फुटणं: व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यात बारीक रेषा आधी जातात. अक्षरं मोठी, दोन ओळींपेक्षा जास्त नाहीत, मागे गडद पट्टी. पांढऱ्या अक्षरांना बारीक सावली देऊ नका, दाबल्यावर तिचा चिखल होतो. पाठवताना एचडी निवडायला कार्यकर्त्यांना शिकवा. आणि अंतिम व्हिडिओ तुमच्या लॅपटॉपवर बघून मंजूर करू नका. घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर स्वतःलाच पाठवून, उन्हात उभं राहून बघा.

---

रेघ | १७ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

ड्रोनचं कोणी बोललं नाही. वसाहतीची पाइपलाइन वरून दाखवता आली तर चार घरं टोकाला का पडतात ते एका दृश्यात कळेल.

---

हिशेबनीस | १७ नोव्हेंबर, दुपारी २.००

कल्पना चांगली, पण पोलिसांची परवानगी घेतल्याशिवाय उडवू नका. त्या धावपळीपेक्षा पाण्याच्या टाकीचा हाताने काढलेला नकाशा दाखवा. वहिनींच्या वहीत तो असेलही.

---

घाटमाथा | २६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०

चिन्ह मिळालं: कपबशी. तीन पसंतीची दिली होती, त्यातलं दुसरं. पाण्याचा आणि बचत गटाचा व्हिडिओ समितीकडून प्रमाणित होऊन आलाय, ड्रोनऐवजी वहिनींचा नकाशाच घेतला. मतदानाच्या व्हिडिओचा अर्ज आजच दिला.

कार्यकर्त्यांनी सोनेरी काठाच्या कपबशीचा सुंदर फोटो आणून दिलाय, त्यातून वाफ निघतेय. तो घ्यावा का?

---

आबा_पेठकर | २६ नोव्हेंबर, रात्री ८.००

नको बाळा. यंत्रावर चिन्ह काळ्या रेषांचं असतं. म्हातारा माणूस सोनेरी काठ शोधत बसेल. निवडणूक अधिकाऱ्याकडून मिळालेलं चित्र जसंच्या तसं, पांढऱ्या कागदावर, पडदाभर दाखव. कप डावीकडे की उजवीकडे, कान कुठल्या बाजूला, काही बदलू नको. अनुक्रमांकही आता कळला असेल, तो त्याच्या शेजारी. आणि 'ब' मोठा.

तीन मतं द्यायची आहेत हे आधी सांग, मग आपलं 'ब'चं. अपक्ष आहात तर बाकीच्या दोन मतांबद्दल काही बोलू नको. नाहीतर उगाच कोणाच्या तरी पॅनेलचे म्हणतील.

---

कट_टू_कट | २६ नोव्हेंबर, रात्री ९.२०

आबांचं शंभर टक्के. या व्हिडिओत वहिनी सुरुवातीला दोन सेकंद दिसू देत, नाव स्वतः सांगू देत, मतपत्रिकेवर आहे तसं. मग चिन्ह किमान आठ सेकंद स्थिर. हलवू नका, फिरवू नका, चमक नको. पार्श्वसंगीत हलगीचं, शब्द नकोत. वीस सेकंदांत संपवा.

---

हिशेबनीस | २६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

शेवटचं माझ्याकडून. पैसे देऊन चालवलेल्या जाहिराती प्रचार संपायच्या वेळेला आपोआप थांबतील अशी वेळ आत्ताच लावून ठेवा. प्रचार संपण्याची वेळ नगरपरिषदेला आणि महापालिकेला सारखी नसते, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातून लेखी घ्या. त्या रात्री सगळे दमलेले असतात आणि जाहिरात चालू राहते, तक्रार त्यावरच होते.

प्रमाणपत्राचा क्रमांक, व्हिडिओची अंतिम फाइल आणि पावत्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा, त्याची एक प्रत वहिनींकडे द्या. हिशेबावर सही त्यांची असते, त्यामुळे प्रत्येक पावती कशाची आहे हे त्यांना स्वतःला सांगता आलं पाहिजे. वही लिहायची सवय आहे, त्यांना हे जड जाणार नाही.

---

घाटमाथा | २६ नोव्हेंबर, रात्री ११.३०

फोल्डर केला. हलगीवाल्या काकांची पावती तेवढी राहिलीय, उद्या सकाळी घेतो.